रक्त गोठेपर्यंत

१९ जुलै २०२४

प्रिय प्रतीक्षा,

तू फोन उचलत नाहीस याची तक्रार करत नाही. उचललास की आपलं काय होतं ते मागच्या महिन्यात दोघांनीही ऐकलं. माझा आवाज चढतो, तुझा बंद होतो. कागदावर निदान शेवटपर्यंत बोलता येतं. बंगळूरच्या तुझ्या संस्थेचा पत्ता माझ्याकडं आहे, म्हणून लिहितोय.

इकडं सगळं ठीक आहे. शाळा सुरू झाली. नववीचं मराठी यंदाही माझ्याकडंच. पाऊस बेताचा, पण सोयाबीन बरं उगवलंय. आईचा आवाज बसलाय, त्यामुळं ती फोनवर येत नाही. तू केलास आणि ती बोलली नाही तर तसं समज.

काल मी मेसेजवर विचारलं होतं की फुरसं चावल्यावर लस दिली तरी रक्त गोठत नाही असं होतं का. तू लगेच विचारलंस, ‘कुणाला चावलंय?’ मी लिहिलं, कुणाला नाही, शाळेत पोरं विचारतात. तरी तू नीट उत्तर दिलंस. काही तासांनी पुन्हा रक्त तपासतात, गोठत नसेल तर पुन्हा लस देतात, धीर धरायचा. पोरांना मी तसं सांगितलं.

पण तुझ्या उत्तरात एक राहिलं. दुसऱ्यांदा देऊनही गोठलं नाही तर? तिसऱ्यांदा?

पोरं फार खोदून विचारतात. मला काही सांगता येत नाही. तुला ठाऊक आहे, मी चित्रातल्या सापावरसुद्धा बोट ठेवत नाही.

अक्षर वाकडं आलंय. मांडीवर कागद ठेवून लिहितोय. शाळेतली टेबलं रंगवायला काढलीत.

जेवत जा वेळेवर.

रामलिंग

२७ जुलै २०२४

प्रतीक्षा,

शाळेतली टेबलं कुणी रंगवत नाही. ते पत्र मी सोलापूरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहिलं. आईला फुरसं चावलं होतं.

आता ती घरी आहे. जिवंत आहे, बोलते, चहा मागते. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. माझा अजून लागलेलाच आहे.

दिवस मावळायच्या आधी ती गोठ्यामागं सरपण काढायला गेली. कढईत काहीतरी तळतंय असा आवाज आला म्हणे. सरपणाच्या ढिगात कढई कुठून येणार, म्हणून ती वाकून बघायला लागली. हात पुढं होता. अंगठ्याच्या खाली दोन ठिपके, एवढंच. ती आत आली आणि मला म्हणाली, “रामलिंगा, काटा रुतलाय वाटतं, बघ जरा.” तिला कळलं होतं. मी घाबरेन म्हणून काटा म्हणाली.

आण्णासाहेब काकांनी जीप काढली. त्यांनी वाटेत एकदाही ब्रेक मारल्याचं मला आठवत नाही. तालुक्याला पहिली लस दिली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुढं सोलापूरला पाठवलं. बार्शीच्या अलीकडं आईनं पदरानं तोंड पुसलं. पदर लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. ती पदर मुठीत लपवत होती आणि मी तो बघितलाच नाही असं दाखवत होतो.

सोलापूरला काचेच्या नळीत रक्त घेतात आणि नुसतं ठेवून देतात. थोड्या वेळानं नळी आडवी करून बघतात. धडधाकट माणसाचं रक्त असेल तर ते गोठून खाली घट्ट बसलेलं पाहिजे. आईचं पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. लस दिली. पुन्हा नळी, पुन्हा तेच. मी तुला मेसेज केला तो त्या वेळी. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता आणि सलाइनची सुई टोचली तिथूनही रक्त थांबेना. तिसऱ्या खेपेनंतरची नळी डॉक्टरांनी माझ्यासमोर आडवी केली, उलटी केली, आणि रक्त जागचं हललं नाही. मी तिथंच फरशीवर बसलो. एका अनोळखी बाईनं मला पाणी दिलं.

डॉक्टर म्हणाले, “आपल्याकडच्या फुरशाला कधी कधी लस जास्त लागते. सगळ्यांनाच नाही. का ते नक्की सांगता येत नाही.”

मला वाटलं, माझी बायको तेच शोधायला घर सोडून गेलीय. हे त्यांना सांगितलं नाही.

तुला का कळवलं नाही, ते विचारशील. आई म्हणाली, “तिला सांगू नगंस. काम टाकून पळत यील.” पण माझं कारण ते नव्हतं. तू येशील आणि घरात आपण पुन्हा तसेच बोलू, याची मला भीती वाटली. तू येणार नाहीस याचीही वाटली. त्या बाकावर कुठली मोठी होती ते सांगता येत नाही.

आता मी घरात प्रत्येक वस्तू काठीनं हलवून मग उचलतो. चप्पल, गोणपाट, शाळेची पिशवी. आई हसते. हसताना तिचा उजवा हात मांडीवर पडून असतो, बोटं अजून मिटत नाहीत.

रामलिंग

१४ ऑगस्ट २०२४

प्रतीक्षा,

तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ‘आत्या, हात रोज उंच ठेवून बसा’ हे वाक्य तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मला उद्देशून चारच ओळी होत्या. त्यांतही राग होता, पण शेवटी ‘कळवलंत हे बरं केलंत’ लिहिलंयस. तेवढ्यावर मी आठवडा काढला.

आता दुसरी भीती सांगतो.

आपल्या वस्तीच्या वरचा माळ तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन पावसाळे तू तिथं दगड उलटत हिंडलीस. तुला कुणीतरी फोनवर सांगितलंच आहे, गावानं ठरवलंय की जेसीबी लावून सगळा माळ उकरायचा, दगड काढायचे, तरवडाची झुडपं जाळायची आणि दिसेल ते फुरसं मारायचं. आईला चावल्यापासून हे चाललंय. आण्णासाहेब काका पुढं आहेत. आणि प्रतीक्षा, ते वाईट माणूस नाहीत. त्या दिवशी त्यांची जीप नसती तर मी हे पत्र लिहीत नसतो. त्यांचा नातू उन्हाळाभर अंगणात जमिनीवर झोपतो. ते म्हणाले, “तुझी आई वाचली. माझं पोर वाचंल का? त्याचं अंग केवढं, त्यात रक्त केवढं?”

मी मान हलवली. खरं सांगतो, मला पटलं. मीही रोज त्या माळाकडं बघतो आणि वाटतं, सपाट व्हावा एकदाचा. मला नीट झोप लागेल.

मग तुझ्या पत्रातला तो भाग पुन्हा वाचला. तू लिहिलंयस की फुरशाचं विष माणसासाठी झालेलंच नाही. ते विंचवासाठी, गोमेसाठी, बेडकासाठी झालंय. विंचू हजारो पिढ्या त्या विषाला तोंड देत आला, तसा तो बदलत गेला; तो बदलला म्हणून फुरशाचं विष बदलत गेलं. म्हणून इथल्या माळावरचं विष आणि दुसऱ्या मुलखातलं विष तंतोतंत एक नसतं. लस मात्र दुसऱ्या मुलखातल्या सापांच्या विषापासून करतात. त्यामुळं नुसता साप नेऊन भागत नाही, त्याच्यासमोरचा विंचूही तिथंच, त्याच माळावर बघावा लागतो. माळ उकरला तर दोघंही गेले आणि आईचं रक्त का गोठेना ते कधीच कळणार नाही.

हे तू मला लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात सोनारीच्या जत्रेतही सांगितलं होतंस. कुस्त्या चालल्या होत्या. तू म्हणालीस, “या दोन तालमी दरवर्षी एकमेकींशी लढतात. याचा डाव त्याच्यामुळं घडला, त्याचा याच्यामुळं. आता एकाच पैलवानाचा फोटो कापून घ्या. हा माणूस हवेत असे वेडेवाकडे हात का करतोय, कळेल का तुम्हाला?” आपल्या पुढं बसलेला म्हातारा वळून तुझ्याकडं बघत राहिला होता. मी तेव्हा हसलो.

तू लिहितेस, वनखात्याची परवानगी आली की तुमची माणसं येतील, महिना लागेल. तोवर काकांना थांबवा.

तू हे किती सहज लिहिलंस. त्यांच्या जीपमध्ये माझ्या आईचं रक्त सांडलंय. सीट धुतल्यावरही डाग गेला नाही. मी त्यांना कुठल्या तोंडानं थांबवू? गावात माझ्याशी कोण बोलेल? मला माणसांचीही भीती वाटते, हे तुला कधी सांगितलं नाही.

रामलिंग

२९ ऑगस्ट २०२४

प्रतीक्षा,

जेसीबी आला. मी थांबवला नाही.

मागच्या गुरुवारी सकाळी तो माळावर चढला. सगळं गाव काठ्या घेऊन बघायला. मी शाळेत होतो, पण वर्गातून आवाज ऐकू येत होता. दगडाला बकेट घासल्याचा आवाज. दुपारपर्यंत पूर्वेकडची बाजू उलटली. किती मारली यावर दोन माणसांचं एकमत होत नव्हतं.

मेली त्यांच्यापेक्षा पळाली जास्त. आणि पळून कुठं जाणार? माळाच्या खाली वस्ती. संध्याकाळी दगडाबाईच्या चुलीपाशी एक निघालं. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं एक. पलीकडच्या कस्तुराबाईनं धुणं उचललं तर खाली एक वेटोळं घालून अंग घासत, तोच तळल्यासारखा आवाज करत बसलेलं. सगळी वस्ती बाजेवर पाय वर घेऊन बसली. लहान पोरांना कुणी खाली उतरू देईना. आईला मी खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. माझे दात वाजत होते. आई म्हणाली, “आरं, थंडी न्हाय न् कायबी न्हाय, असा काय करतूस?”

दुसऱ्या दिवशी जेसीबी चालवणाऱ्याला विंचू चावला. चन्नबसप्पा नाव त्याचं, आळंदकडचा. बकेटमध्ये अडकलेला दगड हातानं काढायला गेला. लाल विंचू. आधी तो हसत होता. म्हणाला, “सापाला भ्यायचं, याला काय.” मग त्याला घाम सुटला, सगळा शर्ट भिजला, हातपाय बर्फासारखे झाले आणि त्याला धड उभं राहवेना. बाकीचे लिंबू आणा, कांदा आणा करत होते. कुणीच पुढं होईना. मी त्याला मोटरसायकलवर घेतलं, मागं कस्तुराबाईच्या मुलाला बसवलं आणि परंड्याला नेलं. हे शौर्य नव्हतं. मला ती काचेची नळी दिसत होती. वाट बघत बसणं माझ्याच्यानं पुन्हा झालं नसतं. डॉक्टरांनी गोळी दिली, सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. तो वाचला. गाडी मात्र पुन्हा चालवणार नाही म्हणाला, आणि जेसीबी माळावर तसाच उभा राहिला.

शनिवारी ग्रामसभा बोलावली. काका म्हणाले, दुसरा ड्रायव्हर आणू, काम अर्धं सोडायचं नाही.

मी उठलो. खांबाला धरलं. वर्गात बोलतो तसं मला बोलताच आलं नाही. सांगितलं की ज्या सापानं आईला चावलं तो कसा आहे हे कुणाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं तर तो आणि त्याचा विंचू दोन्ही माळावर राहिले पाहिजेत. कुस्तीचा दाखला दिला. मागं कुणीतरी हसलं.

काका उभे राहिले. “तुझ्या बायकोला साप पायजेत. आमाला लेकरं पायजेत. साधी गोष्ट हाय.”

मी म्हणालो, “काका, मलाही आई पाहिजे होती. तुमच्यामुळं राहिली. पण पुढच्याला चावलं आणि लस पुरली नाही, तर जीप कितीही जोरात न्या, काय उपयोग?”

मग दगडाबाई म्हणाली, “माळ उकरला तवापासून माझ्या चुलीत साप निगालाय. त्याच्या आदी चाळीस वर्सं न्हाय निगाला. ते तुमी बघा काय ते.”

तू असतीस तर म्हणाली असतीस की एका चुलीवरून काही सिद्ध होत नाही. मी तसं काही म्हणालो नाही. पण गावाला शास्त्रापेक्षा तिची चूल पटली. ठरलं ते असं: पश्चिमेची बाजू दिवाळीपर्यंत ठेवायची. तुमच्या माणसांनी तोवर काय न्यायचं ते न्यावं. दिवाळीनंतर पुन्हा सभा.

बाहेर पडताना काका माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी घरी येऊन दाराच्या फटीत पुन्हा गोणपाट कोंबलं.

अर्धा माळ आहे. लवकर ये. तुमची माणसं लवकर येऊ दे, असं लिहायचं होतं. पहिलं लिहिलं गेलं, तेही राहू दे.

रामलिंग

२१ सप्टेंबर २०२४

प्रतीक्षा,

तू जाऊन आठवडा झाला. घरात तुझ्या बुटांचा चिखल अजून आहे. आई झाडू देत नाही.

तू होतीस तेव्हा आपण फार बोललो नाही. तू आईच्या शेजारी झोपलीस, तिची बोटं एकेक करून मिटवत, उघडत बसायचीस. सकाळी माळावर. मी म्हणालो होतो, मी येणार नाही. तू म्हणालीस, “येऊ नका. तुम्हाला कुणी सांगितलं?” मग शेवटच्या दिवशी मी का आलो ते तुला सांगितलं नाही. काका फाट्यावर भेटले आणि सभेनंतर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “सूनबाईच्या मागं एक माणूस घरचा असू दे.” एवढंच बोलून गेले.

तू दगडाखाली जे दाखवलंस ते अजून डोळ्यांसमोर आहे. वीतभर फुरसं आणि त्याच्या तोंडात विंचू. विंचवानं नांगी दोनदा त्याच्या डोक्यावर मारली. फुरसं सोडेना. तुझ्याबरोबरची ती मुलगी कॅमेरा धरायचा विसरली. तू हळू आवाजात म्हणालीस, “बघा, हे किती जुनं आहे.” मला आईच्या हाताशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. पण मी तिथून हललो नाही. तू मागं वळून बघितलंस, मी आहे का म्हणून.

लोक तुमच्या लांब चिमट्याकडं, नळ्यांकडं बघायला आले होते. तू प्रत्येकाला उत्तर दिलंस. दगडाबाईनं विचारलं, माळ उकरला म्हणून विंचू वाढंल का? तू म्हणालीस, “मावशी, मला माहीत नाही. इथं दोन-तीन वर्षं बघावं लागेल.” गावातल्या कुणी शिकलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

परंड्याच्या स्टँडवर तू म्हणालीस, “डिसेंबरात येते. महिनाभर.” मी ‘बरं’ म्हणालो. मला खूप काही म्हणायचं होतं. एसटीचा आवाज फार होता.

रामलिंग

२० ऑक्टोबर २०२४

प्रतीक्षा,

तुझा निरोप मागच्या आठवड्यात मिळाला. तू सांगितलंस तसं गावात नीट समजावून सांगितलं, घाबरवून नाही. इथल्या माळावरच्या विषावर लस चालते, पण तुमच्या तपासणीत ती अपेक्षेपेक्षा कमी पडली. अजून नमुने थोडे आहेत, पक्कं म्हणायला वेळ लागेल. तोवर चावलं की घरी क्षणभर थांबायचं नाही, आणि दवाखान्यात सांगायचं की या माळाच्या बाजूचा रुग्ण आहे, रक्त पुन्हा पुन्हा तपासा. मी हे शाळेच्या फळ्यावर लिहिलंय. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटलो. त्यांनी तुझा नंबर घेतला आणि लस जादा मागवते म्हणाल्या.

काका काल घरी आले होते. चहा घेतला. दिवाळीनंतरच्या सभेत काय बोलणार ते सांगितलं नाही. जाताना आईकडं बघून विचारलं, “म्हणजे द्वारकावैनी वाचली ती नशिबानंच?” मी म्हणालो, नशीब आणि तुमची जीप. 

मला मात्र तुझ्या निरोपानं झोप नाही. आधी मला वाटायचं, चावलं तर लस आहे. आता संध्याकाळी वस्तीवर नजर टाकतो आणि कोण कुठं झोपलंय, कुणाच्या उशाशी दगडांचा ढीग आहे, हेच दिसतं. सोयाबीनची काढणी चालू आहे. बायका ढिगात हात घालतात. मी रस्त्यानं जाताना सगळ्यांना ओरडून सांगतो, काठीनं हलवा आधी. त्या हसतात. सर, तुमी लई भित्रं, म्हणतात. असू दे.

तू डिसेंबरात आलीस की मी पश्चिमेच्या बाजूला रोज तुझ्याबरोबर येईन, असं ठरवलंय. भीती गेलीय म्हणून नाही. ती जाईल असं आता वाटतही नाही. तू एकटी दगड उलटत असशील आणि मी घरी असेन, तर ती जास्त मोठी

थांब. बाहेर कुणीतरी हाका मारतंय.

कस्तुराबाईला चावलंय. सोयाबीनच्या ढिगात. काकांनी जीप दारात आणलीय, तिला मागं झोपवलंय, ती माझंच नाव घेतेय म्हणतात. आई एका हातानं माझी चप्पल झटकतेय. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावलाय, लागला की तुला लावतो. या वेळी उचल.

जातोय.